रेणूंचे चित्र आणि त्यामागची स्क्रिप्ट : पायथनच्या आधारे रेणू-दृश्यांकनाच्या स्वयंचलनाचा आढावा

प्रथिने, न्यूक्लिक आम्ले आणि औषधांचे रेणू यांच्यातील अणूंची अंतरे अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागात मोजली जातात, आणि एवढ्या सूक्ष्म रचना प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणे शक्य नसते. संशोधननिबंधात किंवा पाठ्यपुस्तकात प्रथिनाचे जे रंगीत चित्र छापलेले असते, ते प्रयोगातून मिळालेल्या अणूंच्या निर्देशांकांवरून, म्हणजे अवकाशातील प्रत्येक अणूच्या स्थानाच्या तीन आकड्यांवरून, संगणकाने रेखाटलेले असते. कोणते अणू दाखवायचे, कोणते लपवायचे, रेणूकडे कोणत्या बाजूने पाहायचे आणि कोणता रंग कशाला द्यायचा, हे सारे चित्र काढणारा ठरवतो. रचनाजीवशास्त्रात असे चित्र अनेकदा युक्तिवादाचा मुख्य पुरावा म्हणून पुढे केले जाते. तेव्हा ते कोणत्या निर्णयांतून तयार झाले, हे वाचकाला तपासता आले पाहिजे. हे निर्णय माउसने एकेक करून घेण्याऐवजी पायथन या भाषेतील स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळावयाच्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहून ठेवले तर काय साधते आणि काय साधत नाही, या प्रश्नाचा हा आढावा आहे.

हातच्या चित्रापासून आज्ञांपर्यंत

जॉन केंड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली मायोग्लोबिनची पहिली ढोबळ रचना मांडली, तेव्हा ती दाखवण्याचे साधन होते हाताने घडवलेली प्रतिकृती. १९६१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकासाठी आयर्व्हिंग गाइस यांनी त्याच प्रथिनाचे चित्र रंगांनी रंगवले. संगणकाच्या पडद्यावर रेणू फिरवून पाहण्याचे काम सायरस लेव्हिंथॉल यांच्या गटाने एमआयटीमध्ये सुरू केले आणि १९६६ साली त्यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या सात रचनांनिशी प्रोटीन डेटा बँक स्थापन झाली, आणि निर्देशांक सर्वांना खुले झाल्यामुळे तीच रचना कोणालाही पुन्हा रेखाटता येऊ लागली. प्रथिनांची घडण फितींच्या रूपात दाखवण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, ती १९८१ साली जेन रिचर्ड्‌सन यांनी हाताने काढलेल्या रेखाटनांमुळे प्रस्थापित झाली.

यानंतर दोन सवयी स्वतंत्रपणे वाढल्या. पेर क्राउलिस यांच्या १९९१ सालच्या मोलस्क्रिप्टमध्ये चित्राचे पूर्ण वर्णन मजकुराच्या फाइलमध्ये लिहावे लागे आणि प्रोग्राम त्यावरून चित्र काढून देई. दुसरीकडे रॉजर सेल यांच्या रासमोलने नव्वदीच्या दशकात साध्या संगणकावर रेणू हाताने फिरवण्याची सोय केली, आणि सोबत आज्ञांची एक छोटी भाषाही दिली. मात्र अशा आज्ञाभाषांचा आवाका बेताचा होता, कारण पन्नास रचनांवर तीच कृती करणे, एखादी अट तपासून पुढचे पाऊल ठरवणे किंवा दुसऱ्या फाइलमधील मोजमापे वाचून त्यानुसार रंग देणे, यांसाठी पूर्ण प्रोग्रामिंग भाषाच लागते. इलिनॉय विद्यापीठात क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने विकसित केलेल्या व्हीएमडीने त्यासाठी मुख्यतः टीसीएल ही भाषा स्वीकारली आणि पायथनलाही जागा ठेवली. वॉरन डीलॅनो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पायमॉलने आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कायमेराने पायथनला मध्यवर्ती स्थान दिले.

ही निवड टिकली, याला कारण आहे. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा वाचायला सोपी आहे, आणि सी किंवा सी++ सारख्या वेगवान भाषांत लिहिलेल्या भागांना एकत्र बांधणे तिला सहज जमते. पायमॉलमध्ये किरण-आरेखनासारखे, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा मार्ग गणिताने शोधून छाया व चकाकी दाखवण्यासारखे, जड काम सी आणि सी++ मधील गाभा करतो. कोणत्या साखळीला कोणता रंग द्यायचा, हे पायथन ठरवते. शिवाय याच भाषेत बायोपायथन, एमडीअ‍ॅनालिसिस आणि प्रोडी यांसारखी विश्लेषणाची ग्रंथालये उभी राहिली, त्यामुळे मोजमाप आणि चित्र एकाच फाइलमध्ये आले.

स्वयंचलनाच्या चार तऱ्हा

आज प्रचलित असलेल्या पद्धतींचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. पहिल्यात स्क्रिप्ट प्रोग्रामच्या आतच चालते. पायमॉलमध्ये ‘सीएमडी’ नावाच्या भागातून प्रत्येक आज्ञेसाठी पायथनचे फंक्शन मिळते, तर कायमेराचा उत्तराधिकारी असलेल्या कायमेराएक्समध्ये नेहमीच्या आज्ञेचे वाक्यच ‘रन’ या फंक्शनकडे सोपवले जाते, आणि उघडलेल्या साऱ्या रचना ‘सेशन’ नावाच्या एका वस्तूत नोंदलेल्या असतात. कायमेराएक्सची एक सोय नवशिक्यांना फार उपयोगाची आहे : मेनूतून केलेल्या बहुतेक कृतींची आज्ञा नोंदीच्या चौकटीत आपोआप उमटते आणि तीच उचलून स्क्रिप्टमध्ये वापरता येते.

दुसऱ्या तऱ्हेत पडद्यावर खिडकी उघडतच नाही. पायमॉल ‘-सी’ आणि ‘-क्यू’ या पर्यायांसह सुरू केल्यास ते केवळ फाइलमधील सूचना पाळून चित्रे साठवते व बंद होते, आणि म्हणून शेकडो रचनांचे काम रात्रभर सर्व्हरवर सोडता येते. तिसऱ्या तऱ्हेत दृश्यांकनाचा प्रोग्राम स्वतःच पायथनचे ग्रंथालय बनतो आणि मोठ्या विश्लेषणातील एक टप्पा म्हणून वापरला जातो. चौथी तऱ्हा ज्युपिटर नोटबुकची आहे, जिथे स्पष्टीकरणाचा मजकूर, प्रोग्राम आणि फिरवता येणारा रेणू एकाच पानावर नांदतात. एनजीएलव्ह्यू आणि पाय३डीमॉल ही त्यासाठीची परिचित साधने आहेत. याखेरीज चित्रपटांच्या अ‍ॅनिमेशनसाठी वापरला जाणारा ब्लेंडर हा मुक्तस्रोत प्रोग्रामही पायथननेच चालवता येतो आणि ‘मॉलेक्युलर नोड्‌स’ या जोडसाधनामुळे त्यात रेणूंच्या रचना थेट आणता येतात.

रेणूंच्या हालचालींचे अनुकरण, ज्यात प्रत्येक अणूवरील बले मोजून त्याची पुढची जागा पुन्हापुन्हा काढली जाते, हे असे क्षेत्र आहे की जिथे हाताने काम करणे अशक्यच ठरते. एचआयव्ही विषाणूच्या कवचाचे २०१३ साली प्रसिद्ध झालेले अनुकरण सुमारे ६ कोटी ४० लाख अणूंचे होते. अशा अनुकरणातील हजारो क्षणचित्रे एकाच कोनातून, एकाच रंगसंगतीत आणि एकाच प्रमाणात काढल्याशिवाय त्यांची तुलना करता येत नाही, आणि ती शिस्त स्क्रिप्टच पाळू शकते.

एक उदाहरण जवळून : हीमोग्लोबिन

स्क्रिप्टची ताकद आणि तिचे धोके हीमोग्लोबिनच्या उदाहरणात स्पष्ट दिसतात. प्रौढ माणसाच्या हीमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. अल्फा साखळीत १४१ आणि बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असल्यामुळे पूर्ण रेणूत ती ५७४ भरतात. डेटा बँकेत ‘४एचएचबी’ या संकेताखाली ऑक्सिजनविरहित रूप आहे आणि ‘१एचएचओ’ या संकेताखाली ऑक्सिजनयुक्त रूप. ऑक्सिजन जोडला जाताना अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरते, आणि हेच या रेणूच्या कार्याचे मर्म आहे.

आता एखाद्या विद्यार्थ्याने सरळसोट स्क्रिप्ट लिहिली, की दोन्ही रचना आणाव्यात, ‘अलाइन’ या आज्ञेने एकमेकींवर बसवाव्यात, किती फरक पडतो तो मोजावा आणि चित्र साठवावे, तर ती कोणतीही तक्रार न करता चालेल. तिचे उत्तर मात्र दिशाभूल करणारे असेल, कारण १एचएचओच्या फाइलमध्ये पूर्ण रेणूऐवजी केवळ एक अल्फा आणि एक बीटा साखळी आहे. स्फटिकात जो सर्वांत लहान भाग सममितीच्या नियमांनी पुन्हापुन्हा मांडून संपूर्ण स्फटिक उभा करता येतो, त्याला असममित एकक म्हणतात, आणि फाइलमध्ये तेवढाच भाग नोंदलेला असतो; उरलेली जोडी सममितीने तयार करावी लागते. अल्फा-बीटाची एकटी जोडी दोन्ही रूपांत जवळपास सारखीच राहते, फरक पडतो तो दोन जोड्यांच्या परस्परस्थितीत. म्हणजे ज्या बदलासाठी ही तुलना करायची, तोच बदल स्क्रिप्टच्या नजरेतून सुटतो आणि ‘फारसा फरक नाही’ असा निष्कर्ष सुबक चित्रासह हाती पडतो.

उपाय आहे, आणि तोही स्क्रिप्टमध्येच लिहिता येतो. पायमॉलमध्ये ‘असेंब्ली’ ही मांडणी १ वर ठेवून रचना आणली की पूर्ण रेणू तयार होतो. मात्र त्यातील प्रती वेगवेगळ्या स्थिती म्हणून येतात आणि साखळ्यांची अक्षरे तीच राहतात, म्हणून त्या सुट्या करून दुसऱ्या जोडीला नवी अक्षरे द्यावी लागतात. त्यानंतर एका ओळीत अमिनो आम्लांची मोजणी करावी : ती ५७४ आली तर पुढे जावे, २८७ आली तर थांबावे. ही एक ओळ चित्रात कुठेही दिसत नाही, पण चित्र विश्वासार्ह ठरते ते तिच्यामुळे.

‘अलाइन’ने दिलेला आकडाही सावधपणे वाचावा लागतो. ही आज्ञा मूळ मांडणीनुसार पाच फेऱ्यांपर्यंत न जुळणाऱ्या अणूंच्या जोड्या वगळत जाते आणि उरलेल्या जोड्यांमधील सरासरी अंतराचा आकडा आधी सांगते. पायथनमधून बोलावल्यास ती सात मूल्ये परत करते, ज्यांत वगळण्यापूर्वीचा आकडा आणि दोन्ही वेळच्या अणूंची संख्या यांचाही समावेश असतो. पहिले मूल्य तेवढे उचलून तक्ता बनवणे म्हणजे फरकाचा भाग काढून टाकून उरलेल्यात फरक नाही असे म्हणणे होय.

क्रमांकांची गफलत आणि मूक चुका

हीमोग्लोबिनच्याच बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने सिकलसेल हा आजार उद्भवतो. महाराष्ट्रात विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत तो हजारो कुटुंबांच्या वाट्याला आला आहे, आणि त्यामुळे त्याची रचना समजावून देणारे अचूक चित्र इथल्या वर्गांत विशेष मोलाचे आहे. ‘२एचबीएस’ या रचनेत एका रेणूतील हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील फेनिलअ‍ॅलनीन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्या खळग्यात बसलेले दिसते. अशाच स्पर्शांतून रेणूंच्या लांबच लांब दोऱ्या तयार होऊन तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. कोणत्या साखळीतील व्हॅलीन कोणाला भिडते हे डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा, स्फटिकातील शेजारी ‘सिमएक्स्प’ या आज्ञेने तयार करून प्रत्येक बीटा साखळीच्या सहाव्या स्थानाभोवती ५ अँगस्ट्रॉमच्या आत काय आहे हे लूप लावून तपासणे अधिक खात्रीचे असते, कारण त्यात अपेक्षित नसलेले स्पर्शही नोंदले जातात.

इथे एक सापळा आहे. जनुकशास्त्राच्या आजच्या प्रमाण पद्धतीत सुरुवातीचे मेथिओनीनही मोजले जाते, म्हणून हाच बदल तिथे सातव्या स्थानी नोंदवतात. रचनेच्या फाइलमध्ये मात्र तो सहाव्या स्थानी असतो. जनुकीय सूचीतून ७ हा आकडा उचलून निरोगी हीमोग्लोबिनवर स्क्रिप्ट चालवली, आणि ‘इथे ग्लुटामिक आम्ल आहे ना’ अशी तपासणीही केली, तरी चूक पकडली जात नाही, कारण बीटा साखळीत सहावे आणि सातवे अशी दोन्ही आम्ले ग्लुटामिकच आहेत. आजूबाजूच्या पाच-सात आम्लांचा क्रम ताडून पाहणारी तपासणीच इथे उपयोगी पडते. डेटा बँकेच्या नव्या एमएमसीआयएफ प्रारूपात तर लेखकाने दिलेले क्रमांक आणि बँकेने दिलेले क्रमांक असे दोन संच शेजारी शेजारी असतात, आणि कोणते साधन कोणता संच वाचते हे माहीत नसल्यास दोन साधनांत एकच आकडा दोन वेगळ्या आम्लांवर बोट ठेवतो.

याहून मूक चूक रिकाम्या निवडीची असते. अस्तित्वात नसलेल्या क्रमांकाला लाल रंग देण्याची सूचना केली, तर पायमॉल शून्य अणू रंगवते आणि पुढे जाते. पायथनमधून दिलेल्या आज्ञा सहसा संदेशही छापत नाहीत. एका रचनेवर काम करताना डोळ्यांना ही उणीव दिसते, पण तीनशे चित्रांच्या ढिगाऱ्यात ती दिसत नाही. प्रत्येक निवडीनंतर अणूंची संख्या मोजून ती शून्य असल्यास काम थांबवणे, हा या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त नियम मानावा लागेल.

प्रयोगाऐवजी संगणकाच्या आधारे रचनेचे भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्डसारख्या साधनांनी मूक चुकांच्या या प्रश्नाला नवे वजन दिले आहे. प्रयोगाने ठरलेल्या रचनांची संख्या २०१४ साली एक लाखावर आणि २०२३ साली दोन लाखांवर पोहोचली, तर अल्फाफोल्डच्या संग्रहात २०२२ सालीच २० कोटींहून अधिक भाकिते जमा झाली होती. या फाइलींमध्ये एरवी अणूंच्या थरथरीचे माप, म्हणजे बी-गुणक, ज्या रकान्यात असते, तिथे भाकिताच्या खात्रीचा ० ते १०० मधील गुण लिहिलेला असतो. थरथरीचे माप जास्त म्हणजे जागा अनिश्चित, आणि खात्रीचा गुण जास्त म्हणजे जागा निश्चित, असा दोहोंचा अर्थ उलटा आहे. तेव्हा प्रायोगिक रचनांसाठी लिहिलेली रंगांची स्क्रिप्ट भाकितांवर तशीच चालवली, तर सर्वांत भरवशाचा भाग सर्वांत संशयास्पद रंगात दिसेल. जिथे संख्या कोटींत आहे तिथे स्वयंचलनाला पर्याय नाही, आणि म्हणूनच कोणती फाइल कुठून आली हे स्क्रिप्टने आधी ओळखले पाहिजे.

दृश्याची नोंद, आवृत्त्या आणि परवाने

स्क्रिप्टचा मोठा लाभ पुनरावृत्तीचा आहे. पायमॉलमध्ये रेणूकडे पाहण्याची संपूर्ण स्थिती अठरा आकड्यांत सामावते : नऊ आकडे फिरवण्याचे, तीन कॅमेऱ्याच्या जागेचे, तीन फिरण्याच्या केंद्राचे, दोन दृश्याच्या पुढच्या व मागच्या कापाचे आणि एक दृष्टीच्या प्रकाराचा. हे आकडे स्क्रिप्टमध्ये ठेवले की परीक्षकाने वर्षभराने एक रंग बदलायला सांगितला, तरी तेच चित्र त्याच कोनातून पुन्हा मिळते. ८.५ सेंटिमीटर रुंदीच्या स्तंभात ३०० ठिपके प्रति इंच या दर्जाने छापायचे तर सुमारे १,००४ ठिपक्यांची रुंदी लागते, हा हिशेबही फाइलमध्येच लिहिता येतो. ऑक्सिजनला तांबडा आणि नायट्रोजनला निळा रंग देण्यासारखे संकेत, किंवा रंगांधळेपणा असलेल्या वाचकांनाही ओळखू येतील असे रंग, एकदा ठरवून साऱ्या चित्रांना सारखे लावता येतात.

मात्र स्क्रिप्ट लिहिली म्हणजे ती कायम चालेल असे नाही. पायथन २ या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि जुन्या कायमेरासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टा कायमेराएक्समध्ये नव्याने लिहाव्या लागल्या. पायथन ३.७ मध्ये ‘असिंक’ हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला, तेव्हा पायमॉलच्या रचना आणण्याच्या आज्ञेतील त्याच नावाच्या पर्यायाला शेवटी अधोरेखा जोडावी लागली, आणि तो शब्द वापरणाऱ्या असंख्य जुन्या ओळी निकामी झाल्या. म्हणून स्क्रिप्टसोबत प्रोग्रामची आणि पायथनची आवृत्ती, रचनांचे संकेत आणि त्या उतरवून घेतल्याची तारीख नोंदवणे गरजेचे आहे; डेटा बँकेतील रचनाही कधीकधी सुधारल्या जातात.

परवान्याचा विचारही याच यादीत येतो. डीलॅनो यांचे २००९ साली अकाली निधन झाल्यानंतर पायमॉलची जबाबदारी श्रोडिंगर या कंपनीकडे गेली. तिची व्यापारी आवृत्ती विकत मिळते आणि मुक्तस्रोत गाभा सर्वांना उपलब्ध आहे. कायमेराएक्स शैक्षणिक व बिगर-व्यापारी वापरासाठी विनामूल्य आहे. ज्या महाविद्यालयांचे अंदाजपत्रक तुटपुंजे आहे, त्यांनी मुक्त आवृत्तीवर चालणाऱ्या स्क्रिप्टा लिहिल्या, तर त्या दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाला विनाखर्च वापरता येतात.

अध्यापन आणि भारतीय परंपरा

रेणूचा आकार आकडेमोडीतून समजून घेण्याची परंपरा भारताला परकी नाही. गो. ना. रामचंद्रन, रामकृष्णन आणि शशिशेखरन यांनी १९६३ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये प्रथिनाच्या कण्यातील दोन कोनांच्या कोणत्या जोड्या शक्य आहेत आणि कोणत्या अणूंच्या टकरीमुळे अशक्य आहेत हे मांडले, आणि त्यांच्या नावाचा आलेख आजही प्रत्येक नव्या रचनेच्या तपासणीत वापरला जातो. हा आलेख बायोपायथनच्या साहाय्याने थोड्या ओळींत काढता येतो आणि आलेखातील अस्वीकार्य ठिपक्यांवरून थेट रेणूच्या चित्रातील ती आम्ले रंगवता येतात. विद्यार्थ्याने असे केले की आकडा आणि आकार यांचा संबंध त्याच्या हाताखालून जातो. केवळ तयार चित्र दाखवून हे साधत नाही. पुणे विद्यापीठात १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचे केंद्र कार्यरत आहे, तेव्हा मराठी मुलखात या अभ्यासाला जमीन तयार आहेच. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी मराठीत टिपा लिहिलेल्या स्क्रिप्टा उपलब्ध करून देणे हे पुढचे पाऊल ठरावे.

निष्कर्ष

रेणू-दृश्यांकनाच्या स्वयंचलनाचे मूल्य बहुधा वाचलेल्या वेळात मोजले जाते, परंतु ते माप अपुरे आहे. माउसने काढलेल्या चित्रामागचे निर्णय चित्रकर्त्याच्या आठवणीत राहतात आणि तिथेच संपतात. स्क्रिप्टमध्ये ते दुसऱ्या माणसाला वाचता येतात, खोडता येतात आणि सुधारता येतात. हीमोग्लोबिनचे उदाहरण हेही दाखवते की स्क्रिप्ट चुकीचा निर्णयही तितक्याच तत्परतेने हजार वेळा राबवते. त्यामुळे रेखाटनाच्या ओळींइतक्याच तपासणीच्या ओळी लिहिणे, म्हणजे अणू मोजणे, क्रम ताडणे, पूर्ण रेणू आहे याची खात्री करणे आणि फाइलचा उगम ओळखणे, हा स्वयंचलनाचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे. नियतकालिकांनी निबंधातील प्रत्येक रेणूचित्रासोबत त्याची स्क्रिप्ट मागावी, आणि अध्यापकांनी विद्यार्थ्याच्या चित्राइतकेच गुण त्याच्या तपासणीला द्यावेत. प्रयोगशाळेच्या वहीला विज्ञानात जे स्थान आहे, तेच या चित्रांबाबत स्क्रिप्टला मिळायला हवे.